मेणातली गाठ

नमस्कार श्रोतेहो. परळला रुग्णालयांच्या रस्त्यावर सकाळी उभं राहिलात, तर फाइलची पिशवी छातीशी धरून चाललेली माणसं दिसतील. त्या पिशवीत काचपट्ट्या आणि मेणाचे चिमुकले ठोकळे, म्हणजे आमच्या भाषेत ब्लॉक, आहेत का, हे आम्ही पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासून रोग ओळखणारे डॉक्टर, आधी विचारतो. का, ते सांगते.

पाळी जाऊन काही वर्षं झालेल्या बाईला पुन्हा रक्तस्राव होतो. घरचे म्हणतात, ‘अंगात उष्णता झाली असेल.’ कधी कधी त्यामागे अंडाशयातली ग्रॅन्युलोसा पेशींची, म्हणजे बीजाभोवतीच्या पेशींची, गाठ असते. ती इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक बनवते, त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. अंडाशयाच्या शंभर कर्करोगांत अशा गाठी दोन ते पाचच. त्यामुळे ओळखताना चकवा बसतो.

काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ती टिकवणाऱ्या द्रवात, मुरते. मग आम्ही ती कापतो. कुठे पिवळसर, कुठे रक्ताने भरलेल्या पोकळ्या. ठिकठिकाणचे तुकडे मेणात बसवतो, कारण एका कोपऱ्यावरून अख्ख्या गाठीला नाव देणं म्हणजे शिताऐवजी वाफेवरून भाताची परीक्षा! सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या केंद्रकांवर कॉफीच्या बीसारखी खाच दिसते. पण नुसत्या खाचेवर मी सही करत नाही. रेटिक्युलिनचे, म्हणजे पेशींना आधार देणारे बारीक तंतू दाखवणारा रंग लावला की ते काळे तंतू या गाठीत पेशींच्या पुंजक्यांभोवती दिसतात. तेच एकेका पेशीला वेढत असतील, तर फायब्रोमाचा, म्हणजे तंतुमय गाठीचा, विचार करावा लागतो, आणि तो बहुतेकदा निरुपद्रवी असतो. मग इनहिबिनसारखे मार्कर, म्हणजे पेशींची ओळख पटवणारी प्रथिनं. तरीही अडलं, तर फॉक्सएल-टू या जनुकातला बदल पाहतात. तो २००९ मध्ये उजेडात आला, आणि प्रौढ प्रकारच्या बहुतेक गाठींत सापडतो. रिपोर्टला वेळ लागतो तो यात. ‘डॉक्टर, अजून किती दिवस?’ हा प्रश्न मला रोज ऐकू येतो, आणि तो रास्तच आहे.

ही गाठ सावकाश चालते. वीस वर्षांनीही परत येऊ शकते. काचपट्टीचा रंग उडतो, मेणातला तुकडा टिकतो. म्हणून ब्लॉक मागून घ्या, थंड जागी ठेवा. मे महिन्यात बंद गाडीत मात्र नको, मेण मऊ पडतं.

एकदा एक आजी बिस्किटांच्या डब्यातून, रुमालात गुंडाळलेला जुना ब्लॉक घेऊन आल्या होत्या. पोटात नवी गाठ होती. दोन्हींचे काप शेजारी शेजारी लावले. खाच तीच होती.