शेवटी आलेला धावपटू

नमस्कार, श्रोतेहो. बड ग्रीनस्पॅन मूळचा आमच्याच पंगतीतला, म्हणजे रेडिओवाला. न्यूयॉर्कला रेडिओवर खेळांविषयी बोलायचा. मग 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या जॉन डेव्हिस या वेटलिफ्टरवर त्यानं छोटी फिल्म केली आणि जन्मभर ऑलिंपिकचे माहितीपट करत राहिला. टक्कल, आणि चष्मा कायम त्या टकलावर.

त्यानं जगाला सांगितलेली एक गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल, घरचे आता उठून आत जातात. तुम्ही ऐका.

मेक्सिको सिटी, 20 ऑक्टोबर 1968. शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंच, हवा विरळ. आपल्याला पणजीत आल्तिनोचा चढ चढताना धाप लागते, तिथं मॅरेथॉन! इथिओपियाचा मामो वोल्डे 2 तास 20 मिनिटांत पहिला. लोक उठले, घरी निघाले. काळोख पडू लागला. आणि एकजण लंगडत आत आला. टांझानियाचा जॉन स्टीफन अखवारी. वाटेत गर्दीत पडला होता. गुडघा फुटलेला, निखळलेला, वर पट्टी. 3 तास 25 मिनिटं. पुन्हा सांगतो, पहिल्यानंतर एक तास पाच मिनिटांनी! 75 जण निघाले, 57 पोहोचले, त्यातला हा शेवटला. उरलेसुरले काही हजार प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. एवढं कशाला धावलास, असं विचारल्यावर म्हणाला, देशानं मला पाच हजार मैल शर्यत सुरू करायला नाही पाठवलं, पुरी करायला पाठवलं.

आणि आपण? फातोर्ड्याच्या स्टेडियमवर फुटबॉल बघताना ऐंशीव्या मिनिटाला स्कूटर काढायला धावतो. जत्रेतला दशावतार मात्र पहाटेपर्यंत बघतो! बरं, असो.

ग्रीनस्पॅन गोड तेवढंच दाखवतो, उत्तेजक द्रव्यं, पैसा यांकडे काणाडोळा करतो, अशी टीका व्हायची. अगदीच खोटी नव्हे ती. पण शेवटल्या माणसापाशी थांबायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. 2010 च्या व्हँकुव्हरपर्यंत काम केलं, त्याच वर्षी नाताळच्या दिवशी गेला.

हो, एक राहिलंच. अखवारी काही लेचापेचा धावपटू नव्हता. दोनच वर्षांनी एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मॅरेथॉनमध्ये तो पाचवा आला. हे मात्र कुणी सांगत नाही.