लाटणं जिच्या हातात, मालकीही तिचीच

(निवेदन)

मुंबईत सकाळी लवकर बाहेर पडलात तर कुठल्यातरी नाक्यावर डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका दिसतील. थोड्या वेळाने मिनीबस येते आणि सगळ्या जणी आत चढतात. डब्यात काल घरी लाटून वाळवलेले पापड असतात. केंद्रावर पोचलं की आधी पापड तपासायचे, मग वजन, मग वणाई म्हणजे लाटण्याचे पैसे घ्यायचे, आणि उडदाच्या मळलेल्या पिठाचा आजचा वाटा घेऊन परत घरी, पोळपाटापाशी.

हे लिज्जत पापड. आज आपण बोलणार आहोत कामात माणसाचा जीव कसा गुंततो याबद्दल, आणि त्यासाठी एखादी चकाचक आयटी कंपनी न घेता मुद्दाम ही संस्था घेतलीय, कारण ऑफिसांमधे दरवर्षी एंगेजमेंटचा, म्हणजे कामात मन किती लागतंय याचा, सर्व्हे भरून घेतात, टाउन हॉल म्हणजे सगळ्या स्टाफच्या सभा होतात, पण ज्याला काम करायचंय त्याला निर्णयात काही विचारत नाहीत, आणि माझ्या मते सगळं घोडं तिथेच अडतं.

15 मार्च 1959. गिरगावातल्या एका इमारतीची गच्ची. सात गुजराती गृहिणी, जसवंतीबेन पोपट त्यातल्याच एक. भांडवल 80 रुपये, तेही समाजसेवक छगनलाल पारेख, म्हणजे सगळ्यांचे छगनबापा, यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली.

मग आला पावसाळा. पापड वाळणार कुठे? चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला, खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा, झालं, पावसातही काम चालू! आता विचार करा, या सात जणी कुणाकडे रोजंदारीवर असत्या तर पाऊस ही शेठची अडचण झाली असती, त्यांनी दुसरं काम बघितलं असतं. इथे अडचण स्वतःची होती.

छगनबापांचं नेतृत्व मला फार मोलाचं वाटतं. सुरुवातीला भारी आणि स्वस्त असे दोन प्रकारचे पापड होत होते, तेव्हा दर्जा कधीही खाली आणू नका असं त्यांनी सांगितलं. हिशेब चोख ठेवायला लावला. आणि देणगी घ्यायची नाही. मदतीला ते कायम उभे होते, पण मालक होऊन बसले नाहीत, आणि हे लिहायला सोपं असलं तरी करायला भयंकर अवघड आहे, कुठल्याही टीम लीडरला विचारा.

1966 मधे संस्थेची रीतसर नोंदणी झाली. आज 45 हजारांच्या आसपास बहिणी आहेत. हो, बहिणीच म्हणतात, कामगार कुणी म्हणत नाही. आत यायचं तर प्रतिज्ञेवर सही करायची, की तुम्ही भागीदार. नफा झाला तर वाटा सगळ्यांना सारखा, अध्यक्ष असो की काल आलेली. एखाद्या शाखेला तोटा झाला तर त्या शाखेची वणाई कमी होते, तो तोटा ज्याच्यावर ढकलावा असा वर कुणी शेठ नाही. त्यामुळे शेजारणीचा पापड जाड झाला तर ती माझीही काळजी असते.

निर्णय एकमताने होतात. वेळ लागतो, वाद होतात, पण एकदा ठरलं की मागे लागून करून घ्यावं लागत नाही, कारण ठरवणाऱ्या आणि करणाऱ्या त्याच असतात.

काम सोपं मात्र नाहीये. तासन्‌तास लाटून खांदे भरून येतात, पैसे लाटाल तेवढेच, आणि घरचं सगळं सांभाळून हे करायचं. तरीही वर्षानुवर्षं बायका टिकतात, पुढे सुना येतात, मुली येतात.

शाखा सांभाळणारी संचालिका बाहेरून डिग्री बघून आणत नाहीत, ती लाटणाऱ्यांमधूनच पुढे येते. त्यामुळे पीठ घट्ट झालंय अशी तक्रार घेऊन कुणी आली तर संचालिकेला ते पुन्हा समजावून सांगावं लागत नाही, त्या पिठाने मनगट कसं दुखतं हे तिला माहीत असतं. पुरुषांना इथे सभासद होता येत नाही, गाडीवरचा ड्रायव्हर आणि हिशेब लिहिणारे अकाउंटंट हे पगारी नोकर असतात, आणि त्यांना पगार देणाऱ्या मालकिणी म्हणजे सकाळी नाक्यावर डबे घेऊन उभ्या असणाऱ्या याच बायका.