मार खाणाऱ्याचं काम

श्रोतेहो, नमस्कार.

पडद्यावरची मारामारी कोण करतं? मारणारा, असं आपल्याला वाटतं. पण ठोसा तर हवेतच जातो. मान झटकते ती समोरच्याची, पाय सुटतात ते समोरच्याचे, आणि धपकन पडतो तोही समोरचाच. आज हे वाक्य दोन-तीनदा येणार आहे, म्हणून आत्ताच ऐकून ठेवा : मारामारी उभी करतो तो मार खाणारा.

आपल्याकडचा याचा सगळ्यात झणझणीत दाखला म्हणजे कीचक. गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. पांडव विराटाकडे अज्ञातवासात. द्रौपदी झाली राणी सुदेष्णेची सैरंध्री, भीम झाला मुदपाकखान्यातला बल्लव. (जाता जाता एक तक्रार. मालिकांमधला भीम सदा खाताना दिसतो. अहो, वर्षभर राजाचा स्वयंपाक सांभाळला त्या माणसानं, कधी कढईपुढे उभा करा की त्याला!) तर, राणीचा भाऊ कीचक, राज्याचा सेनापती, सैरंध्रीच्या मागे लागतो. ती त्याला रात्री नृत्यशाळेत बोलावते, आणि अंधारात तिच्या जागी असतो भीम. पुढचं जेवताना ऐकू नये असं आहे. भीम कीचकाचे हातपाय आणि डोकं त्याच्याच धडात कोंबून मांसाचा गोळा करतो.

या कथेवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी नाटक लिहिलं, ‘कीचकवध’. ते 1907 साली रंगमंचावर आलं. खाडिलकर म्हणजे टिळकांच्या ‘केसरी’तला माणूस. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीत मातृभूमी दिसली, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल दिसले. समजावून कुणालाच सांगावं लागलं नाही. सरकारलाही नाही! 1910 मध्ये नाटकावर बंदी आली.

आता दहा वर्षं पुढे या, कोल्हापूरला. बाबूराव पेंटर. नाटकांचे पडदे रंगवणारा हा कलावंत. कॅमेरा विकत मिळेना, म्हणून साथीदार विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून त्यानं तो स्वतःच बनवला. आणि पहिल्या चित्रपटासाठी कथा निवडली तीच, सैरंध्रीची. भीम होते बाळासाहेब यादव, कीचक झुंझारराव पवार. ‘सैरंध्री’ 1920 च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला.

लक्षात घ्या, हा मूकपट. खाडिलकरांची धारदार वाक्यं इथं कामाची नाहीत. ज्या शब्दांवर बंदी आली ते शब्दच नाहीत! राहिली फक्त दोन शरीरं. त्यातही भीमाचा राग दाखवणं सोपं, डोळे वटारले की झालं. अवघड काम कीचकाचं. मस्तीत आलेला माणूस, अंगावर हात पडताच चपापलेला, मग झुंजणारा, मग दम तुटलेला, मग लुळा. हा सगळा उतार एका शब्दाशिवाय दाखवायचा. मारामारी उभी करतो तो मार खाणारा, ते हेच.

आणि ती उभी राहिली म्हणजे किती? थिएटरात किंकाळ्या उठल्या. बायका घेरी येऊन पडल्या, असं सांगतात. वधाचं दृश्य इतकं खरं वाटलं, की शेवटी ते कापावं लागलं. गंमत बघा, नाटकातला कीचक अडला तो अर्थामुळे आणि पडद्यावरचा अडला तो रक्तामांसामुळे. टिळकांनी मात्र बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं.

आता वेळ थोडा उरलाय, तेव्हा कामाचं भराभर सांगतो.

त्या काळी कॅमेऱ्याची मूठ हातानं फिरवत. सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात फिल्मच्या आठ चौकटी, म्हणजे आठ चित्रं; सेकंदाला सोळा. मारामारीत कॅमेऱ्याची मूठ जरा सावकाश फिरवून बाराच चौकटी घेतल्या आणि पडद्यावर सोळाच्या वेगानं दाखवल्या, की झटापट तिसऱ्या हिश्शानं वेगवान दिसते. फार सावकाश फिरवली, तर बाहुल्या नाचल्यासारखं होतं. माणसाच्या जागी बाहुलं ठेवायचं असेल तर कॅमेरा थांबवायचा, अदलाबदल करायची, पुन्हा फिरवायचा. तेवढ्या वेळात दुसरा नट बोटभर जरी हलला, तरी चित्र उडी मारतं आणि चोरी पकडली जाते.

ठोसा हनुवटीपासून वीतभर लांबून जातो. ही वीत लपते केव्हा? कॅमेरा, मारणारा आणि मार खाणारा एका रेषेत असले तर. कॅमेरा बाजूला सरकला, की मधली हवा दिसते. मूठ तोंडासमोरून जाते त्या क्षणीच मान फिरली पाहिजे. आधी फिरली, तर गड्याला ठोसा आधीच ठाऊक होता असं वाटतं. उशिरा फिरली, तर लोक हसतात. पडताना हात ताठ करून टेकला, की मनगट गेलंच. हनुवटी छातीशी, गुडघे सैल, आधी बूड टेकायचं, मग कुशीवर लोळायचं, श्वास सोडत. कुस्तीच्या तालमीतल्या पोरांना हे आपसूक येतं. पण त्यांची तांबडी माती ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली असते. स्टुडिओची फरशी तशी नाही, तिथं गादी हवीच.

लिहिणाऱ्यांनी ‘दोघांत तुंबळ मारामारी होते’ असं लिहून हात झटकू नयेत. एका ओळीत एकच हालचाल. कोणाचा कोणता हात, आणि त्यानं समोरच्याचं काय गेलं : तोल, हत्यार, की धीर. दांडपट्टा लिहिताना एवढं ध्यानात ठेवा, की पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या लोखंडी आवरणात, मनगट जखडलेलं असतं. वार खांद्यातून आणि कमरेतून येतो, पवित्रा बदलत. तलवारीसारखं मनगट फिरवायला गेलं, की पातं आडवं पडतं आणि वार कापायचा सोडून थापटतो. आणि हल्ली तर अर्ध्या सेकंदाला कट मारतात. त्यात पट्टा आहे की फुटपट्टी, तेही कळत नाही. असो.

राहिलं आपलं रेडिओ नाटक. इथं तर ठोसाच दिसत नाही. कोबीच्या गड्ड्यावर मूठ मारली की ठोसा होतो, गाजर मोडलं की हाड, दोन झारे एकमेकांवर घासले की तलवारी. पण नुसत्या कोबीनं कुणाला लागल्यासारखं वाटत नाही. मार खाणाऱ्या नटानं माइकजवळ श्वास सोडायचा, पोटातून, ‘हुं’ असा. आधी कोबी, लगेच श्वास. दोन्हींत फट पडली, तर घरी बसलेल्यांना फक्त भाजीच ऐकू येते.

नमस्कार.