उष्णतेची लाट आणि किडींचं प्रजनन

श्रोतेहो, नमस्कार. ऊन तापलं की किडी आपोआप मरतात, असं बरेचदा बोललं जातं. प्रत्यक्षात किडीचा जीव जाण्याच्या बऱ्याच आधी तिची प्रजननशक्ती खालावते आणि अनेक जातींत पहिला फटका नराला बसतो.

पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यावर झालेले प्रयोग याबाबत फार बोलके आहेत. 35 अंश सेल्सिअस त्याला छान मानवतं. सलग 5 दिवस 42 अंशांत ठेवलेले नर जगले, पण त्यांची संतती जवळपास निम्मी झाली. दुसऱ्या लाटेनंतर ते जवळजवळ वंध्य झाले. मादीची अंडी टिकली, मात्र मिलनानंतर तिच्या पोटात साठलेले शुक्राणू बिघडले.

असं का होतं? कीटकाचं शरीर भोवतालाइतकंच तापतं. मग पेशी प्रथिनं सांभाळण्यासाठी खास संरक्षक प्रथिनं बनवतात आणि अंड्यांसाठीची ऊर्जा तिकडे खर्च होते. अंगावरचा मेणाचा थर सैल पडून पाणी उडतं. रात्रही गरम राहिली, तर झीज भरून निघत नाही. माव्याचं दुखणं आणखी वेगळं: त्याला अमिनो आम्लं पुरवणारे पोटातले जिवाणूच उष्णतेनं कमी होतात.

पण सौम्य उष्णतेत उलट घडतं. वाढ झपाट्यानं होते, पिढ्या लवकर येतात. त्यामुळे नुसता पारा पाहून फवारणी टाळू नका.

मादीच्या गंधाची नक्कल करून नरांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात नर अडकतात. नेमके तेच वंध्य असू शकतात, म्हणून लाटेनंतर सापळ्यातल्या आकड्यांवर विसंबू नका. अंडी तपासा. घाटेअळीसाठी शेताच्या वेगवेगळ्या भागांतून निदान 50 अंडी पानाच्या तुकड्यासकट गोळा करा. हवेशीर डबीत किंचित ओलसर टिपकागदावर, सावलीत, साधारण 25 ते 28 अंशांत ठेवा. कागद चिंब असेल तर बुरशी येते आणि निकाल चुकतो. अंडी 3 ते 5 दिवसांत उबतात, त्याआधी ती तपकिरी होतात. पिवळसर राहून चपटलेली अंडी बहुधा निकामी. पूर्ण काळी पडून न उबलेली अंडी ट्रायकोग्रामानं, म्हणजे किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या इवल्याशा कीटकानं, ग्रासलेली असण्याची शक्यता मोठी, ती वेगळी मोजा. तो आपला मित्र आहे आणि उष्णतेला किडीपेक्षाही हळवा असतो. त्यानं ग्रासलेली अंडी चिकटवलेली कार्डं शेतात भर उन्हात लावू नका, संध्याकाळी लावा.

हवा निवली की नव्यानं निघालेले नर सक्षम असतात, म्हणून हीच तपासणी दर आठवड्याला पुन्हा करा.