उसना घेतलेला विश्वास

नमस्कार श्रोतेहो.

'आटपाट नगर होतं' हे शब्द कानावर पडले की आपण काय करतो? ते नगर कुठे आहे, तिथला राजा कोणत्या शतकातला, असलं काही विचारत नाही. सरसावून बसतो. सांगणाऱ्याने आपल्याकडे थोडा विश्वास उसना मागितलेला असतो आणि आपण तो खुशीने दिलेला असतो. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा, म्हणजे आता जिला सर्रास फँटसी म्हणतात ती, या दोघींचा संसार या उसनवारीवरच चालतो. काळात मागेपुढे जाणारं यंत्र आहे असं धरून चाला. खरं नाव ठाऊक असलं की वाऱ्यालाही हुकूम सोडता येतो असं धरून चाला. बरं, धरलं. पुढे?

त्या 'पुढे?'विषयी मला आज बोलायचं आहे. बरीच वर्षं मी अशा कथांची परीक्षणं लिहिते आहे, आणि त्याहून जास्त वेळा कुणाला तरी 'हे वाच' असं सांगत आले आहे. या दोन्ही कामांत मी एकच गोष्ट बघते. कथेने माझ्याकडून किती विश्वास उसना घेतला, आणि तो फेडला का? ताऱ्यांची संख्या, गुण, क्रमवारी यांत मला फारसा रस नाही. पाचपैकी चार तारे म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडतं?

एच. जी. वेल्स यांचं 'द टाइम मशीन' 1895 साली आलं. पुढे उतारवयात आपल्या विज्ञान-कादंबऱ्यांच्या एकत्रित आवृत्तीला त्यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत आपली रीत सांगून टाकली. वाचकाकडून एक अशक्य गोष्ट कबूल करून घ्यायची आणि बाकीचं सगळं अगदी ओळखीचं, माणसाचं ठेवायचं. जिथे काहीही घडू शकतं तिथे कशातच गोडी राहत नाही, अशा अर्थाचं ते लिहितात. नव्या लेखकांच्या कथा वाचताना मला हे वारंवार आठवतं. सुरुवातीला एक चमत्कार, मध्यावर दुसरा, आणि नायक संकटात सापडला की आयत्या वेळी तिसरा. पहिला मी मान्य केलेला असतो, कारण कथा त्याच्यावरच उभी आहे. तिसरा मात्र लेखकाला वाट सापडेना म्हणून आलेला असतो, आणि ते वाचकाला लगेच कळतं. असं ठिगळ दिसलं की मी परीक्षणात ते स्पष्ट लिहिते, भाषा कितीही सुंदर असली तरी.

मग विज्ञान चुकलं तर? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ज्यूल व्हर्न यांच्या 1865 सालच्या कादंबरीत माणसं चंद्राकडे निघतात ती तोफेच्या गोळ्यात बसून. तोफ 900 फूट लांब, जमिनीत उभी गाडलेली. आता हिशेब करून बघा. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला साधारण 11 किलोमीटरचा वेग हवा, आणि तो एवढ्या अंतरात गाठायचा तर आतल्या माणसावर गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पटींहून जास्त भार येईल. प्रवासी सुरुवातीच्याच क्षणी मरतील. गंमत म्हणजे याच व्हर्न यांनी पुढे वेल्स यांच्यावर बोट ठेवलं. वेल्स यांच्या 1901 सालच्या चंद्रकथेत गुरुत्वाकर्षण अडवणारा एक पदार्थ आहे. व्हर्न यांचं म्हणणं असं, की मी भौतिकशास्त्र वापरतो, हे गृहस्थ मनाचं रचतात. तो पदार्थ आणून दाखवा.

तरीही व्हर्न यांची ती कादंबरी मी आजही आवडीने सुचवते. कारण तिचा जीव तोफेच्या गणितात नाही. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आहे आणि तोफा बनवणाऱ्यांचा एक क्लब रिकामा बसला आहे. कुणाचा हात गेलाय, कुणाचा पाय, पण तोफेचा नाद सुटलेला नाही. मारायला कुणी उरलं नाही म्हणून ही माणसं चंद्रावर नेम धरतात! एवढी एक गोष्ट लक्षात ठेवून वाचलं, की 900 फुटांची तोफ खटकत नाही. भाराची चूक मी एका वाक्यात सांगते आणि पुढे जाते.

पण टॉम गॉडविन यांच्या 'द कोल्ड इक्वेशन्स' या 1954 सालच्या कथेला मी इतक्या सहज सोडत नाही. एक छोटं यान औषध घेऊन निघालं आहे. इंधन अगदी मोजून दिलेलं. भावाला भेटायच्या ओढीने एक मुलगी त्यात लपून बसली आहे, आणि तिच्या वजनाचं इंधन यानात नाही. शेवट सांगत नाही. कथा म्हणते, निसर्गाचे नियम दयामाया जाणत नाहीत. वाचताना घशाशी येतं, हे खरं. पण वाचक अनेक वर्षं विचारत आले आहेत, की जिथे जीव जाऊ शकतो तिथे दाराला नुसती एक पाटी? कुलूप नाही? इंधनात थोडीही शिल्लक नाही? हा दोष निसर्गाचा नाही, यान पाठवणाऱ्यांचा आहे, आणि कथा तो निसर्गाच्या माथी मारते. इथे गणित हीच कथा आहे, म्हणून गणितातली ढिलाई हा कथेचाच दोष ठरतो. चूक कुठे आहे यापेक्षा कथेचा भार कशावर आहे, ते आधी बघावं लागतं. तरी ही कथा मी वाचायला सांगतेच. दोघांना सांगावी आणि मग त्यांचं भांडण ऐकावं, इतकी ती चांगली आहे.

अद्भुतकथेत विज्ञान नाही, मग तिथे काय तपासायचं? जादूची किंमत. जी जादू फुकट मिळते तिचा मला लगेच कंटाळा येतो. उर्सुला ले ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' 1968 साली आलं. मोठी होत जाणाऱ्या मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक, पण मी ते साठीच्या माणसांनाही देते. त्या बेटांच्या जगात प्रत्येक वस्तूला, प्रत्येक जिवाला एक खरं नाव असतं. ते ज्याला ठाऊक, त्याची तिच्यावर सत्ता. म्हणून आपलं खरं नाव फक्त जिवाभावाच्या माणसाला सांगायचं. जादूगाराला दुसऱ्या प्राण्याचं रूप घेता येतं, पण त्यात फार वेळ राहिलं तर आपण कोण होतो तेच विसरायला होतं.

हा नियम ले ग्विन कशा सांगतात ते ऐका. एक जादूगार होता, त्याला अस्वल व्हायला आवडायचं. तो पुन्हा पुन्हा अस्वल होत गेला. आतलं अस्वल वाढत गेलं आणि माणूस मरत गेला. शेवटी रानात त्याने स्वतःच्या लहानग्या मुलाला मारलं, आणि लोकांनी त्याची शिकार केली. बस. जाता जाता दोन-चार ओळींत सांगितलेली गोष्ट. आणि ती येते कुठे? कथेचा नायक गेड जिवाच्या आकांताने ससाण्याचं रूप घेऊन समुद्रावरून उडत सुटलेला असतो, त्याच्या लगेच नंतर. ससाणा किती वेळ उडत होता, हे आपण श्वास रोखून मोजायला लागतो. जादू वापरली की तिची किंमतही समोर ठेवली जाते, म्हणून ही भीती खरी वाटते. उसना विश्वास फेडणं म्हणते ते हेच.

आता थोडं परीक्षण करणाऱ्याविषयी. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखक, नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! आपल्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी लावली होती. जगभर नावाजलेला खगोलशास्त्रज्ञ, पण आपली कथा कथा म्हणून कितपत उतरली आहे, हे त्यांना नावाच्या वजनाशिवाय बघायचं होतं. मला हे फार मोठं वाटतं.

इंग्रजीतलं उदाहरण वेगळ्या अंगाचं आहे. जेम्स टिप्ट्री ज्युनिअर या नावाने येणाऱ्या विज्ञानकथा गाजत होत्या, पण लेखकाला कुणी पाहिलं नव्हतं. ही बाई असावी का, अशी कुजबुज चालायची. 1975 साली टिप्ट्री यांच्या एका संग्रहाला रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी प्रस्तावना लिहिली, आणि या लेखनात काहीतरी निखालस पुरुषी आहे, असं छातीठोकपणे सांगितलं. सिल्व्हरबर्ग स्वतः मोठे लेखक, वाचन दांडगं. पुढे एक-दोन वर्षांतच उघड झालं, की टिप्ट्री म्हणजे साठीतल्या अ‍ॅलिस शेल्डन. सिल्व्हरबर्ग यांनी आपली चूक मोकळेपणाने मान्य केली. तेव्हापासून बायकांनी लिहिलेली विज्ञानकथा 'हळवी' आणि पुरुषांनी लिहिलेली 'कणखर' असं कुणी म्हणालं की मी हा प्रसंग सांगते. आणि स्वतः पहिल्या वाचनाआधी मलपृष्ठ बघत नाही, लेखकाचा परिचय वाचत नाही.

आता शिफारशीकडे येते. इथे मी एकदा चुकले, आणि ती चूक मी विसरलेली नाही.

डॅनियल कीज यांची 'फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन' ही कथा 1959 सालची, पुढे 1966 साली तिची कादंबरी झाली. चार्ली गॉर्डन हा मतिमंद ठरवलेला माणूस. अल्जरनॉन नावाच्या उंदरावर एक शस्त्रक्रिया होते, उंदराची बुद्धी वाढते, मग तीच शस्त्रक्रिया चार्लीवर करतात. सगळी कथा चार्लीच्या स्वतःच्या नोंदींतून उलगडते. पहिल्या नोंदीत जवळपास प्रत्येक ओळीत शुद्धलेखनाच्या चुका. लिहिताना त्याला पडणारे कष्ट पानावर दिसतात. मग हळूहळू चुका कमी होतात. एके दिवशी त्याला स्वल्पविराम शिकवतात, आणि त्या दिवशीच्या नोंदीत तो आनंदाने जागोजाग, दोन दोन शब्दांमागे, स्वल्पविराम पेरतो. मी त्या ओळीशी थांबले होते. इथे 'त्याची बुद्धी वाढली' असं कुणी सांगत नाही. ती वाढताना आपण आपल्या डोळ्यांनी बघतो, एका विरामचिन्हात.

ही कथा मी माझ्या मावशीला दिली. 'वाचच, काहीच सांगत नाही' असं म्हणाले. तेव्हा काकांची स्मृती हळूहळू जायला लागली होती आणि त्यांचं सगळं तीच बघत होती. हे मला माहीत होतं. पण माझं सगळं लक्ष कथेतली नवलाई फुटू नये याकडेच. चार दिवसांनी तिचा फोन आला. म्हणाली, "गोष्ट फार चांगली आहे गं. पण मला आधी सांगायला हवं होतंस."

तेव्हापासून मी आधी सांगते. कथानक फोडत नाही, पण दुखणं कुठे आहे त्याची कल्पना देते. ज्यांच्या घरात कुणाची स्मृती जाते आहे, त्यांनी ही कथा जरा जपून, आपली वेळ बघून वाचावी, एवढं वाक्य मी आता दर वेळी जोडते. त्याने शेवटाचा थोडा सुगावा लागतो हे मला मान्य आहे. काही वाचकांना ते आवडत नाही, त्यांचा रागही मला समजतो. पण एका बाजूला नवलाई आणि दुसऱ्या बाजूला समोरचं माणूस असेल, तर मी माणसाच्या बाजूने आहे.

म्हणून 'काही चांगलं सुचवा' असं कुणी म्हणालं, की मी आधी उलट विचारते. शेवटचं कोणतं पुस्तक हातातून ठेववलं नाही? सध्या मन कसं आहे? वाचायला किती वेळ मिळतो? ज्याने हा प्रकार कधीच वाचला नाही त्याच्या हातात मी जाडजूड कादंबरी देत नाही. कथा देते. आर्थर क्लार्क यांची 1953 सालची 'द नाइन बिलियन नेम्स ऑफ गॉड' घ्या. तिबेटातल्या एका मठाला ईश्वराची सगळी नावं लिहून काढायला संगणक हवा आहे. मोजक्या पानांची कथा आहे, एका बैठकीत होते, आणि शेवटचं वाक्य वाचून माणूस उठून खिडकीशी जातो. मराठीतून सुरुवात करायची असेल तर नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या कथा आहेतच. ज्याला कोडी आवडतात त्याला एक द्यावी, ज्याला माणसं आवडतात त्याला दुसरी.

मावशीने त्यानंतर बराच काळ माझ्याकडे काही मागितलं नाही. मीही दिलं नाही. काका गेले त्याला आता दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात तिने आपणहून विचारलं, "दुसऱ्याच जगात घेऊन जाईल असं काही आहे का तुझ्याकडे?" मी अर्थसी दिलं. त्यात मृत्यूची सावली आहे, पण ती सावली ओळखून तिच्याकडे तोंड करणारा मुलगाही आहे, हे देतानाच सांगितलं. तिने मान डोलावली आणि पुस्तक पिशवीत ठेवलं.

काल रात्री तिचा फोन आला होता. ती त्या ससाण्यापर्यंत पोचली आहे.

नमस्कार.