बॅशची स्वतःची बिल्टइन कमांड बनवताय? एग्झिट लिहू नका!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत मी सहज म्हणालो होतो की बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सवर आपण कमांड टाइप करतो त्या शेलमध्ये, स्लीप ही बिल्टइन म्हणूनही, म्हणजे शेलच्या आतच चालणारी कमांड म्हणून, लोड करता येते. तेव्हापासून कमेंटमध्ये एकच धोशा लागलाय, "दादा, तशी कमांड बनवायची कशी?"

सोपं ते पटकन सांगतो. बॅशचा सोर्स डाउनलोड करा, कॉन्फिगर, मेक. मग एक्झाम्पल्समधल्या लोडेबल्स फोल्डरमध्ये जाऊन पुन्हा मेक. स्लीप, बेसनेम, रिअलपाथ सगळं तयार मिळतं. इनेबल डॅश एफ, पुढे फाइलचा पाथ, पुढे कमांडचं नाव. झाली लोड.

स्वतःची लिहायची तर तिथलीच हॅलो डॉट सी उघडा. कमांड हॅलो, म्हणून तिची माहिती बॅशला देणाऱ्या स्ट्रक्टचं नाव हॅलो अंडरस्कोर स्ट्रक्ट. बॅश नेमकं तेच नाव शोधतो. नाव बदललंत तर दोन्हीकडे बदला.

आता खरा मुद्दा. तुम्ही पाठवलेल्या कोडमध्ये चूक झाली की सरळ एग्झिट वन. अहो, नको! रिटर्न करा. साध्या कमांडला शेल फोर्क करतो, म्हणजे तिच्यासाठी वेगळी प्रोसेस बनवतो, ती मेली तरी शेल जिवंत. इथे फोर्कच नाही. तुमचं फंक्शन शेलच्याच प्रोसेसमध्ये चालतं, तेव्हा एग्झिट म्हणजे शेलचाच शेवट.

माझ्यावर हे रात्री अकराला आलं. एसएसएचवरून, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन करून, सर्व्हरवर होतो, एक आर्ग्युमेंट चुकलं आणि कनेक्शनच बंद. त्या सेशनची हिस्टरीही सेव्ह झाली नाही, कारण सी मधलं एग्झिट बॅशची आवराआवर करतच नाही. एग्झिट ट्रॅप, म्हणजे शेल बंद होताना चालवायची कमांड, लावला असेल तर तोही चालत नाही.

एकाने लिहिलंय, "माझ्याकडे एग्झिट व्यवस्थित चालतं." त्याचा कोड पाहिला, तर कमांड पाइपमध्ये होती, म्हणजे एकीचं आउटपुट दुसरीला जात होतं! पाइपमधली कमांड सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीत चालते, मेला तो सबशेल. पाइप काढा आणि बघा.

दुसऱ्या बाजूनेही तेच. प्रोसेस संपत नाही, म्हणून स्टॅटिक व्हेरिएबल पुढच्या वेळी जुनीच किंमत घेऊन येतं, आणि मॅलॉकने मागून घेतलेली मेमरी तुम्ही फ्री करेपर्यंत शेलच्या गळ्यात.

म्हणून आधी बॅश टाइप करून आत दुसरा शेल उघडा, प्रयोग तिथे करा. कोड बदलला की आधी इनेबल डॅश डी, मग मेक, मग परत डॅश एफ.