ॲव्हरेज किती देते?

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'लांबच्या प्रवासात गाडी इंधन कशाने जास्त खाते'. त्यावर येतोच. पण आधी एका शब्दाशी माझं जुनं भांडण आहे, ते उरकून घेतो. कुणी गाडी घेतली की पेढ्याआधी प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" नाव ठेवलंय ॲव्हरेज, आणि सरासरी काढता येत नाही एकालाही. हसू नका, मलाही येत नव्हती.

आमच्या मेव्हण्यांमुळे आली. बायकोचे भाऊ. ३०० किलोमीटरचा सपाट रस्ता, गाडी एकच, माणसं तीच चार, सामानही तेच. जाताना गाडी त्यांनी चालवली, दुसऱ्या दिवशी येताना मी. वेग दोघांचाही नव्वदच्या आसपास. टाकी प्रत्येक वेळी भरून मोजलं. जाताना लागलं १५ लिटर, येताना २०. म्हणजे त्यांना लिटरमागे २०, मला १५. "दाजी, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायचा असतो, उभं राहायचं नसतं!" हे वाक्य पुढची नऊ वर्षं मी घरातल्या प्रत्येक कार्यात ऐकलं. नवे पाहुणे आले की खास माझ्यासमोर.

वर ते सांगायचे, "दोघांचं मिळून साडेसतरा पडलं." अहो, कसं पडेल? गाडी ६०० किलोमीटर चालली, ३५ लिटर प्यायली. भागा. १७.१ येतं. दोन ॲव्हरेजांची बेरीज करून दोनाने भागायचं नसतं. सगळे किलोमीटर एकीकडे, सगळे लिटर दुसरीकडे. हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "दशांशाने काय होतंय, उभं राहू नका म्हणजे झालं."

मग एकदा जुने फोटो चाळताना त्या प्रवासातले दोन सापडले. दोन्ही रस्त्याच्या कडेला काढलेले, गाडीशेजारी बायको उभी. जातानाच्या फोटोत तिची ओढणी गाडीच्या तोंडाकडे उडतेय. येतानाच्या फोटोत डिकीकडे. मी तो फोटो हातात धरून जेवणाचं पान वाढलेलं विसरलो.

वारा! समजा तो ताशी २० किलोमीटरचा होता. मेव्हण्यांची गाडी रस्त्यावर ९० ने धावत होती, पण हवेला ती ७० चीच वाटत होती. माझी ११०. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यांना तो वारा नसतानाच्या ६० टक्के, मला जवळपास दीडपट. आता यातली खरी गोम अशी की जाण्यायेण्यात हे फिट्टंफाट होत नाही. वाचले ४० टक्के, गेले ४९. (हे टक्के रोधाचे, इंधनाचे नव्हेत. टायर आणि इंजिन आपला वाटा वेगळा घेतातच, त्यांना वाऱ्याशी देणंघेणं नाही.) पण नव्वदच्या वेगाला मोठा खर्च हवा कापण्याचाच असतो. म्हणजे माझा पाय निर्दोष होता.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. पाच मिनिटं? बरं, तीन. मग छापलेला विषय पळवतो.

वेग: १०० वरून १२० वर गेलात की रोध ४४ टक्क्यांनी वाढला. बाकी कशाहीपेक्षा हे मोठं. टपावरचा कॅरिअर रिकामा असला तरी हवा अडवतो, सामान उतरवलं की तोही उतरवा. टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासा; कमी असेल तर टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, तापतो, आणि ती उष्णता तुमच्या टाकीतूनच येते. एसी की खिडक्या? गावात हळू जाताना खिडक्या, हमरस्त्यावर काचा वर.

वजन सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात फारसं बोचत नाही, चढावर बोचतं. दीड टनाची गाडी ५०० मीटर उंच चढवायला साधारण पाऊण लिटर पेट्रोल जादा लागतं. उतारावर त्यातलं काही परत मिळतं, पण ब्रेक दाबत उतरलात तर तेवढं ब्रेक तापवण्यात गेलं. आणि मेव्हण्यांची लाडकी युक्ती, उतारावर न्यूट्रल: कृपा करून नको. इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनात इंधन मोजून फवारणाऱ्या, गाडीत गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंदच होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतं, आणि इंजिनचा ब्रेक हातचा जातो तो वेगळाच.

मोजायचं असेल तर टाकी भरून, लांब चालवून, पुन्हा भरून मोजा. पाच लिटरवर काढलेल्या ॲव्हरेजला अर्थ नाही, भरताना अर्धा लिटर इकडेतिकडे झालं की दहा टक्के चूक तिथेच झाली.

झालं, थांबतो. फोटो खिशात आहेत, कुणाला पाहायचे असतील तर नंतर भेटा. मेव्हणे शेवटच्या रांगेत बसलेत, त्यांनीही अजून पाहिलेले नाहीत.